विश्लेषण : जिताड्यासाठी पात्याचा गळ घरीच कसा बांधायचा? तो जपून ठेवणे एवढे महत्त्वाचे का?

मासा लागतो, काठी वाकते, रीळ करकरते आणि पुढच्याच क्षणी दोर सैल पडतो. गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने हा क्षण कधी ना कधी अनुभवलेला असतो. दोष बहुतेक वेळा माशाच्या ताकदीला दिला जातो. पण दोर ओढून पाहिला तर टोकाशी सुटलेल्या गाठीची वेटोळी दिसतात, नाहीतर गंजून मोडलेल्या गळाची दांडी. म्हणजे मासा धक्क्यावर गेला नाही, तो आधीच घरी गेला होता. उरणच्या खाडीत या चुकीची आणखी एक किंमत आहे. तुटलेला तंगूस कांदळवनात अडकून राहतो आणि माणूस निघून गेल्यावरही जीव अडकवत राहतो. म्हणूनच घरी बांधलेल्या गळाची, विशेषतः पाते आणि मणी लावलेल्या गळाची, ही नीट ओळख.

पात्याचा गळ म्हणजे काय?

साध्या गळात तंगूस, गळ आणि वजन एवढेच असते. पात्याच्या गळात आमिषाच्या अगदी पुढे धातूचे एक छोटे, खोलगट पाते असते. यू आकाराच्या बारीक कडीत ते अडकवलेले असते आणि प्रवाहात तंगुसाभोवती गरगर फिरते. त्याच्या मागे पाच-सहा मणी आणि मण्यांच्या मागे एक किंवा दोन गळ. ही सगळी जोडणी साधारण ९० सेंटीमीटर ते एक मीटर लांबीच्या वेगळ्या तंगुसावर बांधतात. वरच्या टोकाला फिरती कडी असते, तिला रिळावरचा मुख्य दोर जोडला जातो. इंग्रजीत याला ‘स्पिनर हार्नेस’ म्हणतात.

तयार जोडण्या बाजारात आणि ऑनलाइन मिळतात. मात्र त्यांची लांबी, गळाचा आकार आणि तंगुसाची जाडी दुसऱ्याच माशाचा विचार करून ठरवलेली असते. घरी बांधली की हे सगळे आपल्या खाडीप्रमाणे ठरवता येते.

ही पद्धत मूळची कुठली?

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरील ग्रेट लेक्स परिसरात ‘वॉलआय’ नावाच्या गोड्या पाण्यातील माशासाठी ही जोडणी सर्वाधिक वापरली जाते. मिनेसोटा राज्याने १९६५ मध्ये या माशाला राज्य मासा घोषित केले. वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे तो संधिप्रकाशात आणि गढूळ पाण्यात चांगला शिकार करतो. तिथले हौशी मासेमार हिवाळ्यात घरी बसून अशा जोडण्या डझनाने बांधतात आणि उन्हाळ्यात वापरतात.

आपल्याकडे वॉलआय नाही. पण रायगडच्या खाड्यांमध्ये त्याच्याशी सवयी जुळणारा एक मानाचा मासा आहे, तो म्हणजे जिताडा. शास्त्रीय नाव ‘लॅटेस कॅल्कॅरिफर’, ऑस्ट्रेलियात ‘बारामुंडी’. त्याचेही डोळे रात्री उजेडात चमकतात, तोही आडोशाला दबा धरून बसतो आणि भरती-ओहोटीच्या वळणावर भक्ष्यावर झडप घालतो. उरण, पेण, अलिबाग भागात खाडीतील जिताड्याची पिल्ले तळ्यात सोडून वाढवण्याची जुनी रीत आहे. पाहुण्याला जिताडा वाढणे म्हणजे त्याचा मान राखणे, असा इथला समज.

गढूळ पाण्यात पाते कसे उपयोगी पडते?

उरणच्या आजूबाजूची खाडी चिखलाची आहे. भरतीला पाणी चढू लागले की हातभर खोलीवरचेही दिसेनासे होते. अशा पाण्यात मासा डोळ्यांवर कमी आणि अंगावरील पार्श्वरेषेवर जास्त विसंबतो. माशाच्या दोन्ही बाजूंनी कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी ही संवेदनशील रेषा पाण्यातील बारीक हालचाल टिपते. फिरणारे पाते नेमकी अशी थरथर निर्माण करते. लहान मासा पोहत असल्याचा भास होतो, जिताडा जवळ येतो आणि मग त्याला आमिषाचा वास व आकार कळतो.

ग्रेट लेक्समध्ये ही जोडणी चालत्या होडीमागून ओढतात. धक्क्यावर बसणाऱ्याला होडीची गरज नाही, कारण ओढण्याचे काम भरतीचा प्रवाह करतो. वजन तळाला स्थिर राहते आणि प्रवाहात जोडणी मागे ताणली जाऊन पाते फिरू लागते.

इथे पात्याचा आकार महत्त्वाचा ठरतो. गोलसर, रुंद पाते मंद प्रवाहातही फिरते आणि थरथर जास्त करते. निमुळते पाते फिरायला वेग लागतो, पण पाण्याचा विरोध कमी होतो. त्यामुळे भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास प्रवाह मंद असताना रुंद पाते लावावे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला निमुळते. उधाणात रुंद पाते लावले तर जोडणी तळ सोडून वर उचलली जाते.

तंगूस किती जाड हवा?

जिताड्याला सुरमईसारखे कापणारे दात नसतात. त्याचे खरे हत्यार कल्ल्याच्या झाकणाची धारदार कड. मासा डोके झटकतो तेव्हा बारीक तंगूस या कडेवर घासून तुटतो. म्हणून मुख्य दोर बारीक असला तरी जोडणीचा तंगूस ४० पौंडी, म्हणजे सुमारे १८ किलो ताण सोसणारा घ्यावा. शिंगाळा किंवा ढोमा यांच्यासाठी २० पौंडीही पुरतो.

साधा नायलॉनचा तंगूस स्वस्त असतो, ताणला जातो आणि गाठ चांगली धरतो. मात्र तो पाणी शोषतो आणि ओला झाल्यावर थोडा कमजोर होतो. फ्लुरोकार्बनचा तंगूस पाणी शोषत नाही, घासण्याला जास्त टिकतो आणि पाण्यात कमी दिसतो. पण तो ताठ असल्याने गाठ सावकाश आवळावी लागते. गढूळ खाडीत न दिसण्याचा फायदा फारसा नाही. सुरुवात करणाऱ्याला चांगला नायलॉन पुरेसा आहे.

बांधायचा कसा?

सामान असे : सव्वा मीटर तंगूस, दोन गळ, एक पाते, यू आकाराची एक कडी, पाच-सहा गोल मणी आणि एक फिरती कडी. पाते विकत मिळते. घरी करायचे तर पातळ पितळी पत्र्याचा नखापेक्षा थोडा मोठा तुकडा कापून चमच्याच्या खोलगट भागावर हलक्या हाताने ठोकावा, कडा कानशीने घासाव्यात आणि वरच्या टोकाला भोक पाडावे. मणी फॅन्सी स्टोअरमधले चालतात. फक्त भोकाच्या कडेवर बोट फिरवून पाहावे. ती कड टोचत असेल तर तंगूसही कापेल.

१. तंगुसाचे टोक पहिल्या गळाच्या नेढ्यातून ओवा आणि गळाच्या दांडीला समांतर धरा. दांडी व टोक यांच्याभोवती सात-आठ घट्ट वेढे घ्या. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका. मग ओले करून आवळा. ही गाठ नेढ्यावर न बसता दांडीवर बसते, म्हणून ओढ सरळ रेषेत येते.

२. त्याच्या वर पाच-सहा सेंटीमीटरवर दुसरा गळ तशाच वेढ्यांनी बांधा. अंतर आमिषावर ठरते. कोळंबी लावायची तर एवढे पुरते. वरचा गळ डोक्याकडे आणि खालचा शेपटीकडे येतो. शेपटीला तोंड लावून निसटणारा मासा यामुळे सापडतो.

३. आता वरच्या टोकातून मणी ओवा. मणी शोभेचे नाहीत. पाते गळाच्या नेढ्यावर आपटू नये म्हणून ते मध्ये अंतर राखतात. पाते खाली झुकवून पाहा. त्याचे टोक गळाला लागत असेल तर आणखी एक मणी घाला.

४. यू कडीत पाते अडकवा. पात्याची खोलगट बाजू तंगुसाकडे आणि फुगीर बाजू बाहेर हवी. मग कडीची दोन्ही भोके तंगुसात ओवा.

५. शेवटी वरच्या टोकाला फिरती कडी बांधा. ती नसेल तर पात्याबरोबर सगळा तंगूस पिळत जातो आणि रिळावर गुंता होतो.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून ठेवला तर लहान मासा इजा न होता सोडता येतो. तो आपल्याच बोटात रुतला तरी सहज निघतो.

गाठ टिकेल का, हे कसे ओळखायचे?

कोरडी गाठ आवळताना घर्षणाने उष्णता तयार होते आणि नायलॉन तिथेच कमजोर पडतो. गाठ ओली करूनच, एका संथ ओढीत आवळावी. वेढ्यांपाशी तंगूस पांढुरका किंवा कुरळा दिसला तर ती गाठ गेली असे समजून कापून टाकावी.

पक्की गाठ तपासण्यासाठी गळ खिळ्याला अडकवा, वरच्या टोकाला भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा लावा आणि पाच किलोपर्यंत ओढा. चेहरा बाजूला ठेवा आणि चष्मा घाला, कारण सुटलेला गळ गोफणीसारखा येतो. शेवटी बादलीभर पाण्यात जोडणी हळूच ओढून पाते फिरते का ते पाहा. घरी न फिरणारे पाते खाडीतही फिरत नाही.

ठेवायचा कसा?

चार जोडण्या एका डब्यात टाकल्या की अर्ध्या तासात त्यांचे एकच भेंडोळे होते. गुंता सोडवताना तंगुसाला पीळ बसतो, मणी घासतात आणि गळ बोटात घुसतो. त्यामुळे प्रत्येक जोडणी वेगळी गुंडाळायची, हा पहिला नियम.

हार्डवेअरच्या दुकानात एसीच्या पाइपवर घालायचा काळा फोमचा नळा मिळतो. त्याचे १२ ते १५ सेंटीमीटरचे तुकडे करा. खालचा गळ फोममध्ये टोचा, तंगूस न ताणता सैल गुंडाळा, वाटेत दुसरा गळ टोचा आणि शेवटी फिरती कडी टाचणीने अडकवा. फोम नसेल तर जुन्या हवाई चपलेचा तळ कापून वापरा. ते रबर गळाचे टोक धरून ठेवते आणि पाण्यात पडले तर तरंगते.

प्रत्येक तुकड्यावर मार्करने तीन गोष्टी लिहा : तंगूस किती पौंडी, गळाचा नंबर आणि बांधल्याची तारीख. पहाटेच्या अंधारात याचा फार उपयोग होतो.

डबा खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गच्चीवर ठेवू नका. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी नायलॉन ठिसूळ होतो. तो बाहेरून तसाच दिसतो, पण गाठीपाशी काडीसारखा तुटतो. कपाटाचा अंधारा, कोरडा कप्पा उत्तम. मात्र तो लहान मुलांच्या हाती लागणारा नको.

गळ एवढ्या लवकर का गंजतात?

खाडीच्या पाण्यातील मीठ गळावर सुकते. नंतर तेच मीठ हवेतील ओलावा ओढते आणि पोलाद गंजत राहते. उरणची खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा यात भर घालतात. पात्याच्या गळाला तर आणखी एक धोका असतो. पितळी पाते आणि पोलादी गळ ओल्या मिठात एकमेकांना चिकटून राहिले की छोटी विद्युतघटच तयार होते आणि त्यात पोलाद आधी झिजते. म्हणूनच पाते चकचकीत आणि गळ मात्र खाल्लेला, असे दिसते.

उपाय सोपा आहे. घरी आल्यावर जोडणी दहा मिनिटे गोड्या पाण्यात बुडवा, पुसा आणि पंख्याखाली सावलीत पूर्ण सुकवा. मगच गुंडाळा. डब्यात बुटांच्या खोक्यातून येणारी सिलिका जेलची पुडी टाका. वापरलेली जोडणी नव्या जोडण्यांच्या डब्यात ठेवू नका. एक गंजका, ओला गळ डबाभर ओलावा पसरवतो.

पुन्हा वापरण्याआधी तंगूस दोन नखांच्या चिमटीतून ओढून पाहा. खरखर लागली तर ती जोडणी बाद. गळ आणि पाते कापून घ्या, तंगूस नवा लावा. गळाचे टोक नखावर टेकवल्यावर घसरत असेल तर ते बोथट झाले आहे.

तंगूस खाडीत राहिला तर काय होते?

नायलॉन कुजत नाही. कांदळवनाच्या श्वसनमुळांना अडकलेला तंगूस वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यात चिंबोऱ्या अडकतात, मासे अडकतात आणि ते खायला आलेले पक्षीही. उरणचे पाणजे पाणथळ क्षेत्र स्थलांतरित पक्ष्यांसाठी ओळखले जाते. चिखलात लांब पाय टाकत चालणाऱ्या पक्ष्याच्या पायाला तंगुसाचा एक फास पुरतो.

इथल्या खाडीवर आधीच मोठा ताण आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यानंतर भराव वाढले आणि मासेमारीच्या जागा आक्रसल्या. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातील १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांना दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. या कुटुंबांसाठी खाडी म्हणजे रोजचे ताट आहे. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि अटल सेतू खुला झाला. मुंबईहून सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन येणे आता सोपे झाले आहे. येणाऱ्याने निदान मागे काही ठेवून जाऊ नये, ही अपेक्षा रास्तच आहे.

यासाठी बांधतानाच एक युक्ती करता येते. वजन थेट मुख्य दोराला न बांधता, १० पौंडी बारीक तंगुसाच्या वीतभर तुकड्याने लोंबते ठेवा. वजन खडकात अडकले की फक्त तो तुकडा तुटतो आणि पूर्ण जोडणी हाती येते. शिशाऐवजी जुना लोखंडी नट वापरला तर खाडीत शिसेही राहत नाही. वजने ओतण्यासाठी घरात, विशेषतः स्वयंपाकाच्या गॅसवर शिसे वितळवू नका. त्याची वाफ आणि धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते.

बाद तंगुसाचे बोटभर तुकडे करूनच तो कचऱ्यात टाका. मोडके गळ झाकणाच्या बाटलीत भरा. उघडा टाकलेला गळ सफाई कामगाराच्या हातात रुततो.

नियम काय सांगतात?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना त्यातून सूट आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. लहान मासा परत सोडण्याची सवय गळावर सर्वात सोपी आहे, कारण जाळ्यापेक्षा गळाला लागलेला मासा जिवंत सोडता येतो. बंदराच्या संरक्षित हद्दीत आणि प्रवासी होड्या लागत असताना धक्क्यावर गळ टाकू नये.

जिताड्याच्या बाबतीत मोठ्या माशाचाही विचार करायला हवा. हा मासा बहुधा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खूप मोठा जिताडा बहुतेक वेळा अंड्यांची मादी असते. पावसाळ्याच्या सुमारास ती खाडीच्या मुखाशी अंडी घालते. तिला सोडून दिले तर पुढच्या पिढ्यांना खाडी देत राहील. ती सोडता यावी म्हणून तरी गाठ पक्की हवी. तंगूस तुटून गेलेली मादी तोंडात गळ आणि मागे मीटरभर दोर घेऊन जाते, तो दोर पहिल्याच खडकाला अडकतो.

पावसाच्या दोन महिन्यांत धक्का निसरडा असतो, वारा जोरात असतो आणि खाडीवर जाणे शहाणपणाचे नसते. जोडण्या बांधायला तेच दिवस चांगले. दहा नव्या बांधाव्यात, जुन्या तपासाव्यात, गंजलेल्या काढून टाकाव्यात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो तेव्हा डबा कोरडा असावा आणि त्यातली प्रत्येक गाठ आपण ओढून पाहिलेली असावी.